संशोधनाचा पेपर फुकट वाचायला मिळाला, पण छापायचे पैसे कोण देणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ओपन ॲक्सेसवरचा, म्हणजे संशोधनाचे पेपर कोणालाही मोफत खुले ठेवण्यावरचा, तुमच्याकडचा लेख वाचला. संशोधन सगळ्यांना फुकट वाचायला मिळालं पाहिजे हे म्हणणं पटलंच, पण फुकट म्हणजे नेमकं कोणाला फुकट हे लेखात कुठेच आलं नाही म्हणून हे लिहितोय.

आधी फायद्याचं. 2014 मध्ये लायबेरियात इबोला पसरला तेव्हा सगळे धरून चालले होते की हा रोग तिकडे कधी नव्हताच. नंतर तिथल्या आरोग्य खात्यातल्या लोकांनी शोधाशोध केली तर 1982 चा युरोपियन संशोधकांचा एक पेपर निघाला, लायबेरियातल्याच लोकांचं रक्त तपासून लिहिलेला, आणि त्यात चक्क म्हटलंय की लायबेरियाला इबोलाच्या टापूत धरावं लागेल असं दिसतं. तिथल्या डॉक्टरांच्या हे गावीही नव्हतं. 2015 मध्ये त्याच अधिकाऱ्यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं की असा एक पेपर डाउनलोड करायला आजही 45 डॉलर पडतात, म्हणजे तिथल्या डॉक्टरचा साधारण अर्ध्या आठवड्याचा पगार. रक्त यांचं आणि वाचायचे पैसेही यांनीच मोजायचे! पेपर मोफत असता तर साथ आलीच नसती असं नाही, पण ताप आलेला पेशंट समोर बसल्यावर कोणाच्या तरी डोक्यात इबोलाचं नाव आलं असतं की नाही?

आता दुसरी बाजू. संशोधनाला पैसा बहुतेक वेळा सरकारचा म्हणजे लोकांच्या टॅक्सचा, लिहिणाऱ्याला मानधन नाही, तपासणारे रिव्ह्यूअर फुकट राबतात, आणि मग ज्या जर्नलमध्ये, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकात, हे छापलं तेच युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीने विकत घ्यायचं. यावर उपाय काय काढला तर वाचकाकडून घेऊ नका, लेखकाकडून घ्या. नेचर या नावाजलेल्या जर्नलने 2021 मध्ये एक पेपर खुला करायचे 9,500 युरो लावले. गरीब देशांतल्यांना बरेच प्रकाशक फी माफ करतात पण ना गरीब ना श्रीमंत अशा मधल्या देशांतला, संशोधनाची ग्रँट नसलेला माणूस लटकतोच. म्हणजे गेट तिथेच राहिलं, फक्त आधी वाचणाऱ्याला अडवायचं ते आता लिहिणाऱ्याला अडवतं. आणि पेपरमागे फी मिळते म्हटल्यावर काहीही न तपासता छापून देणारी बोगस जर्नल्स निघाली ती वेगळीच.

खरं तर याहून स्वस्त रस्ता कधीचा आहे. पॉल गिन्सपार्ग या फिजिक्सच्या संशोधकांनी 1991 मध्ये अर्काइव्ह (arXiv) हे पेपरचं ऑनलाइन भांडार सुरू केलं, फिजिक्सवाले तेव्हापासून पेपर तिथे टाकतात, टाकणाऱ्यालाही फी नाही आणि वाचणाऱ्यालाही नाही. (रिव्ह्यू व्हायच्या आधीचं असतं ते, जपूनच वाचायचं.) ब्राझीलमध्ये 1998 पासून सायलो (SciELO) हा मोफत वाचायच्या जर्नल्सचा ऑनलाइन संग्रह आहे. आणि जर्नलला पेपर दिला तरी रिव्ह्यू होऊन स्वीकारलेला मसुदा आपल्या संस्थेच्या रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन संग्रहात, ठेवायला बरेच प्रकाशक परवानगी देतात, कधी सहा महिने कधी वर्षभर थांबावं लागतं एवढंच. तरी कितीतरी लोक ठेवत नाहीत. प्रमोशनला जर्नलचं नाव बघतात, पेपर कोणाला वाचता आला हे कोण विचारतंय, मग कशाला अपलोडची कटकट!

आम्हा साध्या वाचकांचं काय होतं सांगतो. पेपर उघडला की सारांशाच्या सात-आठ ओळी आणि खाली पीडीएफ विकत घ्या म्हणून बटण. अनपेवॉल नावाचं एक फुकट एक्स्टेंशन ब्राउझरला जोडून घेतलं तर पानाच्या कडेला हिरवं उघडं कुलूप दिसतं, त्यावर क्लिक केलं की दुसरीकडे कायदेशीर ठेवलेली प्रत उघडते. कुलूप करडं असेल तर मात्र नशीब.

एक विनंती तुम्हालाही. तुमच्या आरोग्याच्या पानावर रोज "एका नव्या अभ्यासानुसार" असं असतं, कोणता अभ्यास, कोणत्या जर्नलमधला, काही पत्ता नाही. बातमीखाली पेपरचं नाव आणि डीओआय नंबर (पेपरचा कायमचा ओळख क्रमांक) द्या, मोफत प्रत असेल तर क्यूआर कोड टाका. एका ओळीची तर जागा लागते.

आपला,
एक नियमित वाचक