आबांच्या ज्वारीचे पंधरा गुण

पुणे

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, भाऊच्या छकुलीला स्क्रॅबलच्या, म्हणजे सोंगट्यांवरची इंग्रजी अक्षरं जुळवून शब्द करायच्या खेळाच्या, स्पर्धेला नेऊ का, असं मी काल म्हटलं, तेव्हा फोनवर तुम्ही विचारलंत, "मराठी शाळेतली पोट्टी, थे तिकडच्या पोरांसंग इंग्रजीत काय खेळन?" मला लगेच उत्तर देता आलं नाही. प्रश्न खरा आहे, आणि रात्रभर तो मनातून गेला नाही. फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणून ठेवून देता. पत्र मात्र तुम्ही दोनदा वाचता, एकदा स्वतःशी आणि एकदा आईला मोठ्यानं. म्हणून लिहायला बसले.

मे महिन्यातली ती दुपार आठवा. सपरीत कुलर घरघरत होता, तुम्ही खाटेवर आडवे झाला होता आणि मी अन् छकुली खाली चटईवर स्क्रॅबलचा पट मांडून बसलो होतो. तिच्याकडे जे, ओ, डब्ल्यू, ए, आर अशी अक्षरं आली. तिनं ती एका ओळीत मांडली. असा काही शब्द नाही, असं म्हणून मी चॅलेंज केलं. फोनवरच्या शब्दयादीत पाहिलं, तर 'जोवर' होता. आपली ज्वारी! जे चे ८, डब्ल्यूचे ४, बाकी तिघांचा एकेक असे १५, आणि शब्द दुप्पट गुणांच्या घरावरून गेला म्हणून ३०. "आबा, आपली ज्वारी!" असं ओरडत तिनं तुम्हाला उठवलं. तुम्ही पटाकडे बराच वेळ पाहत राहिलात आणि मग विचारलंत, "पऱ्हाटी नाही का त्यात?"

त्या रात्री जेवणं झाल्यावर तिनं आपल्या घरातले, वावरातले शब्द एकेक करून शोधले. बाजरीला १४, मोहाच्या झाडाला १०, धोतराला ९. लाखाला ११ आणि कोटीला मात्र ७, हे ऐकून आई, तू केवढी हसलीस. हे सगळे शब्द इंग्रजांच्या स्पर्धेच्या कोशात बसलेले आहेत. बाबा, छकुलीकडे इंग्रजी कमी आहे हे खरं, पण ती रिकाम्या हातानं जात नाही.

हा खेळ ज्यानं काढला त्याची गोष्ट मी तुम्हाला अर्धीच सांगितली होती. आल्फ्रेड बट्स हा अमेरिकेतला आर्किटेक्ट. १९३० च्या दशकात तिकडे मंदी होती, त्याचं काम गेलं. घरी बसल्या बसल्या त्यानं न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं. जे नेहमी येतं त्याच्या सोंगट्या जास्त आणि गुण कमी. म्हणून १०० सोंगट्यांमध्ये ई तब्बल १२, आणि क्यू, झेड एकेकच, पण १०-१० गुणांचे. हे ऐकल्यावर छकुलीनं दुसऱ्या दिवशी काय केलं, हे तर तुमच्या समोरचंच. तुमचा पेपर घेतला, पेन्सिल घेतली आणि पहिल्या पानावरची मराठी अक्षरं मोजायला बसली. तुम्ही शेजारी बसून रेघा ओढत होता. र, त, य यांच्या रेघा कागदात मावेनात, आणि ङ-ञ ला एकही नाही. मग बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापून सोंगट्या झाल्या. कुलरच्या वाऱ्यानं त्या उडायला लागल्या, तेव्हा आईनं कणकेची खळ करून दोन-दोन पुठ्ठे चिकटवून दिले.

आणि मग अडलं ते काना-मात्रेपाशी. इंग्रजीत अक्षर म्हणजे अक्षर. आपल्याकडे एका क चे का, कि, की, कु, कू, आणि जोडाक्षरं वेगळीच. सगळ्यांच्या सोंगट्या करायच्या तर पोतं भरेल. तेरा वर्षांच्या पोरीनं तोड काढली: सोंगटीवर फक्त व्यंजन, मात्रा खेळणाऱ्यानं तोंडानं सांगायची. पण एकाच सोंगटीचा आडव्या शब्दात 'की' आणि उभ्यात 'का' चालेल का? तुम्ही म्हणालात, चालणार नाही, कोड्यात चालत नाही. ती म्हणाली, चाललंच पाहिजे, नाहीतर चौथ्या शब्दाला पट बंद पडेल. दोघं तासभर भांडलात आणि शेवटी तुम्ही मान डोलावली. बाबा, मला त्या दिवशी कळलं की ही पोरगी नुसती खेळत नाही. खेळ आतून कसा चालतो ते तिला दिसतं. रविवारच्या पुरवणीतलं कोडं पेनानं, न खोडता सोडवणाऱ्या माणसाची ती नात आहे.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सला या खेळातला सर्वांत मोठा खेळाडू मानतात. २००७ ची जागतिक स्पर्धा आपल्या मुंबईत झाली होती, तीही त्यानंच जिंकली. पण मला सांगायचं आहे ते पुढचं. २०१५ साली त्यानं फ्रेंच भाषेतली जागतिक स्पर्धा जिंकली, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. नऊ आठवडे त्यानं फक्त शब्दयादी पाठ केली होती. २०२४ ला स्पॅनिशमधलीही तशीच जिंकली. थायलंडमध्ये कुठे घरोघर इंग्रजी बोलतात? पण २००३ चा जगज्जेता पानुपोल सुज्जयाकोर्न तिथलाच. २०१५ चा इंग्रजीतला जगज्जेता वेलिंग्टन जिगेरे नायजेरियाचा. इथं उच्चार कुणी ऐकत नाही, व्याकरण कुणी तपासत नाही. शब्द कोशात आहे का, एवढंच बघतात. पाठांतर, हिशेब आणि पटावरची नजर लागते. पाढे तुम्ही तिच्याकडून कसे म्हणवून घेतले ते मी पाहिलं आहे. तीसपर्यंत, उलटेसुद्धा.

अठरा वर्षांखालच्या मुलांची जागतिक स्पर्धा २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँगला सुरू झाली. पहिली जिंकली डेव्हिड एल्डारनं, आणि २०१७ मध्ये तोच मोठ्यांचा जगज्जेता झाला. २०१३ ला दुबईत कराचीच्या मोईझुल्ला बेगनं जिंकली, आणि तेव्हापासून पाकिस्तानच्या पोरांनी ती पुन्हा पुन्हा नेली आहे. म्हणजे उंबरठा आपल्यासारख्यांनी कधीच ओलांडलाय.

मला या स्पर्धांमधलं सगळ्यात आवडतं ते हे, की एक डाव हरला म्हणून मुलाला घरी पाठवत नाहीत. जिंकलेल्यांची गाठ जिंकलेल्यांशी, हरलेल्यांची हरलेल्यांशी, असं शेवटच्या फेरीपर्यंत सगळेच खेळतात. आधी डाव किती जिंकले ते बघतात, मग किती गुणांच्या फरकानं. त्यामुळे हरतानासुद्धा थोडक्यात हरायला शिकावं लागतं. प्रत्येकाला अख्ख्या डावासाठी २५ मिनिटं. घड्याळ ओलांडलं की दर मिनिटाला १० गुण जातात.

मी तिला उद्याच परदेशात नेते असं म्हणत नाही. तिची अजून तयारी नाही, हे मलाही दिसतं. घड्याळासमोर ती घाबरते. दोन अक्षरी शब्द शंभरावर आहेत, त्यातले निम्मेच तिला येतात. सातही सोंगट्या एकदम लावल्या की वरचे ५० मिळतात, ते तिला उन्हाळाभरात दोनदाच जमलं. पण अठरा व्हायला पाच वर्षं आहेत. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला शाळकरी मुलांची स्पर्धा आहे, तिथं तिला खेळू द्या, एवढंच मागते. भाऊ-वहिनी तयार आहेत, पण तुमच्या शब्दाबाहेर ते जाणार नाहीत, आणि जाऊही नयेत.

बाबा, एक गोष्ट मी तुमच्याशी कधी बोलले नाही. नववीत माझी जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी निवड झाली होती. आईनं निळा ड्रेस इस्त्री करून ठेवला होता. शाळेनं नावच पाठवलं नाही. पोरीला एवढ्या लांब कोण नेणार, असं परस्पर ठरवून टाकलं. तुम्ही मला काही बोलला नाहीत. वखर घेऊन वावरात गेलात आणि रात्री जेवला नाहीत. मी आत पडून जागी होते, तुमचं ताट झाकून ठेवल्याचा आवाज मी ऐकला. तेव्हा आपल्याला विचारणारं कुणी नव्हतं. आज निर्णय तुमच्या हातात आहे, आणि तिला नेणारी मी आहे. धामणगावहून रात्रीच्या गाडीनं आम्ही जाऊ. मी स्वतः घ्यायला येईन आणि परत घरापर्यंत सोडीन. तिकिटाचा, राहण्याचा खर्च माझा. सोयाबीनचे पैसे त्यासाठी काढू नका.

होकार असेल तर भाऊला तिचा जन्माचा दाखला आणि आधार कार्ड शोधून ठेवायला सांगा. आणि संध्याकाळी गुरांचं आटोपलं की तुम्ही तिच्यासमोर खेळायला बसा. शब्द येत नसले तरी घड्याळ तुम्ही दाबा, म्हणजे तिची भीती जाईल.

आई, तुझ्यासाठी एक काम. सोंगट्यांची पिशवी डोळ्यांच्या वर धरून, आत न बघता हात घालायचा असतो, असा नियम आहे. तिची प्लास्टिकची पिशवी चालणार नाही. तुझं जुनं गर्द हिरवं लुगडं फाडलं नसशील तर त्याची एक शिव. मनगटापर्यंत हात आत जाईल इतकी खोल, तोंडाला नाडी. आतली शिवण दुमडून घे, सोंगट्या कोपऱ्यात अडकतात.

तुमची,
सुमन