मैनेला आमच्या घरी पाठवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

कुत्रा दत्तक घ्यायचा तुमचा फॉर्म भरताना आमचे हे वैतागून म्हणाले होते, "पासपोर्टच्या वेळी पोलिसांनीही एवढं विचारलं नव्हतं!" घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी, घरातल्या सगळ्यांचा होकार, गावी गेल्यावर कुत्रा कोणाकडे, महिन्याचा खर्च किती धरलाय, लिफ्ट आहे का. त्या चौकशीबद्दलच आभार मानायला लिहितेय.

घर बघायला आलात ते थेट बाल्कनीत. ग्रिलच्या दोन गजांमधून मूठ घालून पाहिलीत, ती आरपार गेली. "जाळी लावा, मग बोलू." नंतर स्वयंपाकघरात सासूबाईंशी एकट्यानेच बोललात. दिवसभर घरी त्याच असतात, हे तुम्ही बरोबर हेरलंत. कुत्र्याला त्यांची ना नव्हती. पायात घुटमळून पडायची धास्ती होती, आणि घरभर शू पुसणं त्यांच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. आमच्यासमोर त्या हे कधीच बोलल्या नसत्या.

मग तुम्ही पिल्लू द्यायला चक्क नकार दिलात. धाकट्याने फोटोतल्या पिल्लाचं बारसंसुद्धा उरकलं होतं! दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चारदा भरवावं लागतं. लसी पूर्ण होईपर्यंत पार्व्होच्या (पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गाच्या) भीतीने खाली नेता येत नाही, म्हणजे शी-शू सगळं घरातच. आम्ही दोघं कामावर. तुम्ही मैना सुचवलीत: मोठी, शांत, कानाला नसबंदीची खाच, आणि अपघातात मागचा पाय अधू झाल्यामुळे परत रस्त्यावर सोडता न येणारी. लिफ्टचं का विचारलं होतंत ते तेव्हा कळलं.

या चौकशीचा पुष्कळांना राग येतो. माझ्या मैत्रिणीने फॉर्म अर्ध्यात टाकून विकतचा लॅब्रॅडॉर आणला. पैसे मोजले की कोणी काही विचारत नाही. पाळलेला प्राणी टाकून देणं 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे खरा, पण पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. 50 रुपयांत सुटणाऱ्या माणसाला अडवायचं तर ते कुत्रा देण्याआधीच. (दर आठवड्याला फोटो पाठवायची करारातली अट मात्र मला अजूनही थोडी जाचक वाटते. पाठवते, पण वाटते.)

महापालिकेचा परवाना काढलाय, रेबीजची लसही झाली. दिवाळीत फटाक्यांमुळे तिला एकटं ठेवणार नाही, गावाला जायचं यंदा रद्द.

आता सासूबाईंचा प्रश्न, उत्तर त्यांनाच फोनवर द्या: ज्वारीची भाकरी रोज कुस्करून घातली तर चालेल ना? आम्ही सांगून त्यांना पटत नाही, आणि मैना त्यांच्याच बाजूने आहे.

तुमची,
मैनेच्या घरची