त्या कॅप्सूल मागवायच्या आधी हे वाच

प्रिय मनू,

तू परवा म्हणालीस ना की चेहऱ्यावर ग्लो येतो म्हणून अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल मागवणारेस, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. फोनवर मी नुसतंच थांब म्हटलं, का थांब ते काही सांगितलं नाही, म्हणून आता लिहितेय, जरा लांबेल पण पूर्ण वाच.

तुझं म्हणणं चूक नाहीये बरं का. ऊन लागलं की त्यातल्या अतिनील किरणांमुळे त्वचेत फ्री रॅडिकल्स तयार होतात, म्हणजे ज्यांच्यातला एक इलेक्ट्रॉन एकटा पडलाय असे अस्थिर रेणू, ते आजूबाजूला जे मिळेल त्याच्यातून इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि त्यात पेशींचं आवरण, डीएनए सगळ्याचंच नुकसान होतं. वर त्यांच्यामुळे कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट धरून ठेवणारं प्रथिन, तोडणारी एन्झाइम्स वाढतात, आणि त्वचेचा आतला थर पाणी सोडलं तर बहुतेक कोलॅजनचाच असतो, तो झिजत गेला की सुरकुत्या येणारच. सिगारेटच्या धुरानेसुद्धा हेच होतं. अँटिऑक्सिडंट या रेणूंना शांत करतात, त्यातली काही आपलं शरीर बनवतं आणि काही खाण्यातूनच यावी लागतात.

व्हिटॅमिन सी तर त्याहून जास्त काम करतं. कोलॅजनचे धागे मजबूत करणारी एन्झाइम्स त्याच्याशिवाय चालतच नाहीत, म्हणून तर सी न मिळालेल्या जुन्या खलाशांना स्कर्व्ही व्हायचा, हिरड्यांतून रक्त यायचं, भरलेल्या जखमा परत उघडायच्या. व्हिटॅमिन ई पेशींच्या आवरणात बसून तिथलं नुकसान थांबवतं आणि ते खर्च झालं की सी त्याला परत कामाला लावतं. म्हणजे हे सगळे एकमेकांच्या आधाराने काम करतात, एकच कुठलं तरी काढून भरपूर घेतलं की झालं असं नसतं ग.

खाण्याचा फायदा दिसलाय का? दिसलाय, पण थोडा. 2001 च्या एका छोट्या जर्मन अभ्यासात लोकांना 10 आठवडे रोज 40 ग्रॅम टोमॅटो पेस्ट ऑलिव्ह ऑइलबरोबर दिली, तर अतिनील किरणांनी त्वचेला येणारी लाली पेस्ट न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे 40 टक्के कमी आली. टोमॅटो शिजवला आणि बरोबर थोडं तेल असलं की त्यातलं लायकोपीन, म्हणजे टोमॅटोला लाल रंग देणारं अँटिऑक्सिडंट, अंगी जास्त लागतं, हे लक्षात ठेव. अमेरिकेत 40 ते 74 वयाच्या 4,025 बायकांच्या पाहणीत ज्यांच्या जेवणात सी जास्त त्यांच्यात सुरकुत्या कमी आढळल्या, आता अशा बायका एकूणच तब्येत सांभाळणाऱ्या असू शकतात त्यामुळे सगळं श्रेय सीला देता येत नाही, पण मला तरी हे आशेचं वाटतं.

आता कॅप्सूलचं, आणि मला खरं हेच सांगायचंय. ऑस्ट्रेलियात 900 च्या वर लोकांवर साडेचार वर्षं एक प्रयोग झाला, काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं आणि काहींना रोज 30 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीनची (गाजराला नारिंगी रंग देणारं अँटिऑक्सिडंट) गोळी दिली. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा 24 टक्के कमी म्हातारी झाली, गोळीचा मात्र एकूण काही फायदा दिसला नाही. फायदा नाही इथवर ठीक होतं, पण फ्रान्समध्ये सी, ई, बीटा कॅरोटीन, सेलेनियम आणि झिंक एकत्र घेणाऱ्या बायकांमध्ये त्वचेचा कॅन्सर उलट जास्त निघाला (पुरुषांमध्ये तसं दिसलं नाही). आणि फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन दिलं तर फुप्फुसाचा कॅन्सर वाढला, ते 1994 मध्ये छापून आलं. हे वाचल्यापासून ती बाटली तुझ्या हातात नको असं मला फार वाटतंय. जेवणातून मिळणारं वेगळं असतं मनू, तिथे डोस थोडा थोडा येतो आणि एकटा येत नाही.

म्हणून ताटात रंग असू देत. गाजर, पालेभाज्या, ढोबळी मिरची, संत्री, बदाम, सूर्यफुलाच्या बिया, सगळं आलटून पालटून. सी पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने जातं, त्यामुळे फळं कच्चीच खा आणि भाज्या उकळून पाणी फेकून देऊ नकोस. दिवसाला 75 मिलिग्रॅम सी तुला पुरतं आणि तेवढं एका मोठ्या संत्र्यात जवळजवळ मिळून जातं, 1000 च्या गोळीची गरजच काय? जास्तीचं बरंचसं लघवीतूनच जातं. आणि आठवड्यात आरशात फरक शोधू नकोस, वरचा थर बदलायलाच महिनाभर लागतो.

सनस्क्रीन मात्र रोज हं, ढगाळ असलं तरी, मान आणि हातालाही. ऑर्डर अजून केली नसशील तर करू नकोस, केली असशील तर लेबलचा फोटो पाठव, कशात किती मिलिग्रॅम आहे ते आपण दोघी मिळून बघू आणि मग तुझ्या स्किनच्या डॉक्टरांना विचारू.

तुझी,
आई