दशांशचिन्ह कुठे द्यायचं हे नंतर, का द्यायचं हे आधी : शालेय शिक्षणमंत्र्यांना खानदेशातून खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : पाचवी-सहावीच्या मुलांना दशांश अपूर्णांकांचा गुणाकार समजावा यासाठी पुस्तक, साहित्य आणि प्रशिक्षण यांबाबत विनंती.

महोदय,
सादर नमस्कार.

मी चोपडा तालुक्यात उच्च प्राथमिक वर्गांना गणित शिकवते. गणिताच्या एवढ्याशा भागासाठी थेट मंत्र्यांना पत्र कशाला, असं कोणाला वाटेल. पण पुढची टक्केवारी, व्याज, क्षेत्रफळ, विज्ञानातली सगळी मोजमापं याच भागावर उभी आहेत, आणि माझी मुलं अडतात ती इथेच.

सहावीच्या वर्गात फळ्यावर ०.३ × ०.२ लिहून उत्तर विचारलं की बहुतेक मुलं ०.६ म्हणतात. या मुलांचे पाढे कच्चे नसतात. थोडे दिवस आधीच त्यांनी दशांशाची बेरीज केलेली असते, दशांशचिन्हाखाली दशांशचिन्ह मांडून. ०.३ आणि ०.२ मिळून ०.५ झाले, चिन्हानंतर एकच अंक. मग गुणाकारातही एकच अंक का नसावा? मुलाचा प्रश्न रास्त आहे. आपण त्याला उत्तर देतो ते नियमाच्या रूपात : चिन्ह सोडून गुणाकार करा, दोन्ही संख्यांत चिन्हानंतर मिळून किती अंक आहेत ते मोजा, उजवीकडून तेवढे अंक सोडून चिन्ह द्या. नियम अगदी बरोबर आहे. आठवडाभर मुलं त्यावर पैकीच्या पैकी गुणही मिळवतात. पुढे भागाकाराचा नियम येतो, तोवर बेरजेचा नियम डोक्यात असतोच, आणि तिन्ही एकमेकांत मिसळतात. कारण माहीत नसलेला नियम आठवणीतून निसटला की मुलाकडे तो पुन्हा शोधायला वाटच उरत नाही.

दुसरी अडचण याहून खोल आहे. ८ × ०.५ चं उत्तर ४ आलं की पुष्कळ मुलं ते खोडतात. गुणाकार केला आणि संख्या कमी झाली म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं, असं त्यांना वाटतं. दुसरीपासून त्यांनी गुणाकार म्हणजे तीच संख्या पुन्हापुन्हा मिळवणं असंच पाहिलेलं असतं. आठ पाच वेळा मिळवता येतात. अर्धा वेळा कसे मिळवायचे? तेव्हा कोणीतरी त्यांना सांगायला हवं असतं की इथे ‘आठाचे अर्धे’ घ्यायचे आहेत. पुस्तकातल्या रीतीत या एका वाक्याला जागा मिळत नाही.

आमच्या गावातल्या जुन्या माणसांना हे कोणी समजावलं नव्हतं, तरी त्यांना ते येत होतं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे त्यांनी शाळेत घोकले होते. निमकीचा पाढा म्हणणाऱ्या मुलाला गुणाकाराने संख्या घटते याचं नवल वाटत नाही. २.५ × १.५ हे गणित दिलं की आज मुलं दोन एके दोन आणि पाचा पाचा पंचवीस करून २.२५ लिहितात. वयस्कर शेतकऱ्याला विचारा : अडीचाची दीडपट? तो अडीचात सव्वा मिळवून पावणेचार म्हणतो. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, आणे गेले, पाठोपाठ शेर-मणही गेले आणि हे पाढे हळूहळू वर्गातून उठले. ते जसेच्या तसे परत आणा असं माझं म्हणणं नाही. दशमान पद्धत चांगली आहे. पण त्या पाढ्यांनी अपूर्णांकाच्या गुणाकाराची जी जाण दिली होती, तिच्या जागी आपण दुसरं काही ठेवलं नाही.

ठेवता येईल, आणि तेही मुलांच्या घरातूनच आणता येईल. खानदेशातल्या बहुतेक घरांत सातबारा असतो. त्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये लिहिलेलं असतं. एक हेक्टर म्हणजे १०० मीटर लांब, १०० मीटर रुंद चौरस. एक आर म्हणजे १० मीटर लांब, १० मीटर रुंद. हेक्टरची बाजू एक धरली तर आरची बाजू तिचा दहावा भाग, म्हणजे ०.१. आणि एका हेक्टरात आर किती बसतात? शंभर. म्हणून ०.१ × ०.१ = ०.०१. दशांशाला दशांशाने गुणलं की शतांश का येतो, हे मुलाला यापेक्षा स्वच्छ कुठे दिसेल?

आता ०.३ × ०.२ घेऊ. हेक्टरच्या बाजूचे ०.३ म्हणजे ३० मीटर आणि ०.२ म्हणजे २० मीटर मैदानावर टेपने मोजायचे, फक्की मारून आयत आखायचा. क्षेत्र ६०० चौरस मीटर, म्हणजे ६ आर, म्हणजे ०.०६ हेक्टर. ज्या मुलाने वर्गात ०.६ म्हटलं असेल त्याला विचारायचं, ०.६ हेक्टर म्हणजे किती? साठ आर, जवळपास दीड एकर. शेतकऱ्याचं पोर सहा आरच्या तुकड्याला दीड एकर कधी म्हणणार नाही. तिथे त्याला स्वतःलाच कळतं की चिन्ह एक घर सरकलं पाहिजे. मग १.२ × ०.५ घ्यायचं : १२० मीटर लांब, ५० मीटर रुंद, साठ आर, ०.६०. यातून ०.६० आणि ०.६ एकच हेही आपोआप निघतं. (उताऱ्यावर आरच्या पुढे चौरस मीटरसाठी आणखी एक टिंब असतं, त्याचा अर्थ आधी सांगावा लागतो. मुलांना तो लगेच समजतो.)

मैदान लहान असेल, पाऊस असेल, तर हेच कागदावर होतं. दहा बाय दहाच्या शंभर चौकोनांचा कागद घ्यायचा. तीन उभ्या रांगा एका रंगाने, दोन आडव्या रांगा दुसऱ्या रंगाने रंगवायच्या. दोन्ही रंग जिथे पडले ते चौकोन सहा, शंभरातले सहा. तीन दशांशांचे दोन दशांश म्हणजे सहा शतांश. अपूर्णांकांचा गुणाकारही सहावीतच आहे, तेव्हा ३/१० × २/१० = ६/१०० शेजारीच मांडायचं. असे चार-सहा कागद रंगवून झाले की अंक मोजून चिन्ह देण्याचा नियम मुलं स्वतःच सांगतात. नियम त्यांच्या तोंडून निघाला की तो टिकतो.

याच्या जोडीला अंदाज हवा. दूध संकलन केंद्राची पावती घ्या : ४.५ लिटर, दर ३६.२० रुपये. गुणाकाराला हात लावण्याआधी मुलाने म्हणावं, चार छत्तीसे एकशे चव्वेचाळीस, वर अर्ध्या लिटरचे अठरा, म्हणजे एकशे साठच्या जवळपास. मग रीतीने १६२.९० आलं तर बरोबर, १६.२९ किंवा १६२९ आलं तर चिन्ह चुकलं हे शिक्षकाने सांगायची गरजच पडत नाही. कापसाचंही तसंच. २.३५ क्विंटल कापूस ७००० रुपयांनी म्हणजे १६,४५० रुपये. केळीच्या विक्रीची पट्टी, पेट्रोलची पावती, जळगावच्या सराफाकडची ग्रॅमची वजनं, अशी गणितं आमच्या भागात पावलोपावली आहेत. आता मोबाइल हिशेब करतोच की, असं पालक म्हणतात. मोबाइल दिलेल्या आकड्यांचा हिशेब करतो. २.३५ ऐवजी २३.५ दाबलं गेलं तर त्याचंही उत्तर तो तितक्याच खात्रीने दाखवतो. ते उत्तर वावगं आहे हे ओळखायला माणसाकडे अंदाज लागतो.

महोदय, हे सगळं शिक्षकांना सुचत नाही असं नाही. सुचतं, पण जमत नाही. दोन शिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन-तीन वर्ग असतात. ऑनलाइन माहिती भरायची असते, मतदार याद्यांचं काम असतं. अशा दिवशी टेप घेऊन मैदानावर जाण्यापेक्षा फळ्यावर नियम लिहून देणं उरकतं. शिवाय आमच्यातल्या अनेकांना हा गुणाकार आमच्या शाळेतही नियम म्हणूनच शिकवला गेला होता.

नंदुरबारच्या सातपुड्यातली स्थिती आणखी अवघड आहे. धडगाव, अक्कलकुव्याकडची मुलं घरी पावरी, भिली बोलतात. शाळेतली मराठी त्यांच्यासाठी दुसरी भाषा आहे, आणि ‘दशांश’, ‘शतांश’ हे शब्द तर तिसऱ्याच भाषेतले वाटावेत असे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं ऊसतोडीला, गुजरातेत मजुरीला जातात, मुलंही जातात. पाचवीत दशांशाची ओळख ज्या दिवसांत झाली त्या दिवसांत जे मूल गावात नव्हतं, त्याला सहावीत थेट गुणाकार समोर येतो. अशा मुलाला नियम दिला तर तो निव्वळ मंत्र होतो. शंभर चौकोनांच्या कागदाला मात्र भाषा फारशी लागत नाही. रंगवलं, मोजलं, दिसलं. म्हणून ज्या मुलांचं सर्वांत जास्त सुटलं आहे, त्यांनाच या पद्धतीचा सर्वांत जास्त उपयोग होईल असं मी ठामपणे म्हणते.

निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, तिसरीपर्यंतच्या वाचन आणि अंकज्ञानावर सगळ्यांचं लक्ष गेलं. ते योग्यच झालं. पण गणित अवघड होतं ते चौथी, पाचवी, सहावीत. अपूर्णांक आणि दशांश तिथे येतात, आणि त्या वर्गांकडे तितक्या निकराने पाहिलं जात नाही.

नव्या अभ्यासक्रमाचे टप्पे एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयात जाहीर झाले. पहिली २०२५-२६ मध्ये. दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी २०२६-२७ मध्ये. पाचवी, सातवी त्याच्या पुढच्या वर्षी. या क्रमाने गेलं तर सहावीचं नवं पुस्तक पाचवीच्या नव्या पुस्तकाआधी मुलांच्या हातात पडेल. जुन्या पाचवीतून आलेलं मूल नव्या सहावीत बसेल. दशांशासारख्या चढत्या भागात या सांध्यावर मुलं पडण्याची भीती आहे. माझी पहिली विनंती हीच : सहावीच्या गणितात दशांशाच्या गुणाकाराआधी उजळणीची चार-सहा पानं असावीत, दशांश-शतांशाचा अर्थ चित्रांतून सांगणारी. पुस्तकाची छपाई झाली असेल तर वेगळी पुरवणी काढावी. पुस्तकाच्या शेवटी शंभर चौकोनांचे कापून घेता येतील असे कागद छापावेत, आणि प्रत्येक शाळेला ३० मीटरचा एक टेप मिळावा. हे साहित्य स्वस्त आहे आणि वर्षानुवर्षं टिकणारं आहे.

प्रशिक्षण ऑनलाइन नको. दर महिन्याला केंद्रस्तरावर, म्हणजे आसपासच्या काही शाळांच्या गटात, शिक्षकांची शिक्षण परिषद होते, तिथले दोन तास या एका घटकाला द्यावेत आणि शिक्षकांनी स्वतः फक्की मारून आयत आखावा, स्वतः कागद रंगवावा. भाषणं ऐकून हे येत नाही. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून, म्हणजे एससीईआरटीकडून, ज्या चाचण्या शाळांत येतात त्यांत ‘आधी अंदाजे उत्तर लिहा, मग गुणाकार करा’ असा एक प्रश्न असावा आणि अंदाजाला वेगळा गुण असावा. चाचणीत जे विचारलं जातं ते वर्गात शिकवलं जातंच. आणखी एक प्रश्न असावा : ०.३ × ०.२ चं उत्तर ०.६ नाही, हे चित्र काढून दाखवा.

एक मागणी खास खानदेशाच्या वतीने. चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीला शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. मठ चालावा म्हणून गावच्या व्यापारातला काही भाग तोडून दिलेला आहे. जितके घाणे चालतील तितक्यांकडून पळी पळी तेल द्यायचं, असंही त्यात लिहिलं आहे. गणित शिकवणाऱ्या जागेसाठी आठशे वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या तेल्यांनीही वाटा उचलला होता. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या पाचवी-सहावीच्या गणित शिक्षकांचं वर्षातून एक शिबिर पाटणादेवीला व्हावं. तिन्ही जिल्ह्यांच्या शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी मिळून ते घ्यावं. धडगावच्या शिक्षकाने पावरीतून काय करून पाहिलं ते चोपड्याच्या शिक्षकाला तिथे कळेल. आज ते कळायला मार्ग नाही.

आपण खानदेशच्या दौऱ्यावर याल तेव्हा एखाद्या सहावीच्या वर्गात थोडा वेळ काढावा, ही शेवटची विनंती. मुलांना ०.३ × ०.२ विचारा आणि उत्तर काहीही आलं तरी ‘कशावरून?’ असं पुन्हा विचारा. स्वागताची तयारी नको, सजवलेला फळा नको. पुस्तकाच्या पुरवणीबाबत आपल्या विभागाने उत्तर कळवलं तर पुढच्या शिक्षण परिषदेत मी ते वाचून दाखवीन.

आपली विश्वासू,
एक गणित शिक्षिका
तालुका चोपडा, जिल्हा जळगाव