कापडाचं वय आधी बघ

महाल, नागपूर
कार्तिक शुद्ध दशमी

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो मोठे करकरून पाहिले. गोधडीच्या मधोमध पोट आलंय आणि डावीकडे टाक्यांच्या ओळीनेच कापड फाटून राहिलंय. टाके चुकले असं तू लिहिलंस, पण टाके चांगले आहेत गं, सरळ आणि एकसारखे. चूक टाक्यांच्या आधीची आहे.

फाटलेल्या जागेचा फोटो पुन्हा बघ. दोरा शाबूत आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना कापडाची जाळी झालीय. ती निळी साडी चांगली जुनी दिसते, आणि ती तू कोऱ्या पॉपलीनला शिवलीस, तेही पॉलिस्टरच्या दोऱ्याने. गोधडी झटकली, ओढली की नवं कापड हलत नाही, दोरा तुटत नाही आणि सगळा ताण त्या विरलेल्या सुतावर येतो. म्हणून गोधडीसाठी कापड काढताना रंगाच्या आधी त्याचं वय बघायचं. एका गोधडीतले थर साधारण एका वयाचे आणि एका वजनाचे हवेत. दोरा सुतीच घे. तो कापडापेक्षा कच्चा असला तरी चालेल, पक्का मात्र नको. तुटलेला दोरा पाच मिनिटांत पुन्हा घालता येतो.

वय ओळखायला साडी खिडकीसमोर उजेडात धर. जिथे उजेड जास्त येतो ती जागा विरलेली. मग दोन्ही अंगठे एकमेकांना भिडवून कापड बाहेरच्या बाजूला ओढ, एकदा उभ्या धाग्याने, एकदा आडव्या. फर्र आवाज आला तर तो भाग पुसायला ठेव. साडी सगळीकडे सारखी झिजत नाही. बसण्यावर येणारा भाग सगळ्यात आधी जातो, मग पायाशी घासणारा काठ. पदराला खांद्याच्या पिनेची भोकं असतात. आत खोचलेलं टोक आणि फॉलखालचं कापड बहुतेक वेळा धड निघतं. धड भाग वरच्या आणि खालच्या थराला घे. थोडं विरलेलं मधल्या थरात चालतं, तिथे घासणं नसतं. पण अंगठ्याने फाटतं ते कुठेच नको.

रेशीम, जरी, सिंथेटिक आणि टी-शर्टचं कापड यात मिसळू नकोस. जुनं रेशीम घडीवर तुकडे होऊन सुटतं, जरी सुई अडवते आणि पांघरताना टोचते. सिंथेटिक थर सुती थरावरून घसरतो, घामही शोषत नाही. टी-शर्टचं कापड ताणतं, म्हणून त्यावर घातलेली ओळ धुतल्यावर नागमोडी होते. नवं सुती कापड घ्यावंच लागलं तर रात्रभर भिजवून दोनदा धुऊन घे. नव्याला खळ असते आणि ते आटतं. न धुता शिवलंस तर पहिल्या धुण्यात तोच एक तुकडा आखडून शेजारच्यांना ओढतो. लाल आणि मरून रंगाची परीक्षा वेगळी करायची: ओलं पांढरं फडकं त्यावर घास, फडक्याला रंग लागला तर आणखी धू. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, पण तसं होत नाही. जास्तीचा रंग पाण्यात उतरून गेला की तो लागायचा थांबतो, एवढंच.

आता माप. एका माणसाची गोधडी 5 बाय 7 फूट, म्हणजे 60 बाय 84 इंच. टाके घातल्यावर ती आखडते, म्हणून प्रत्येक बाजूला दोन इंच जास्त धरून थर 64 बाय 88 इंचांचा काप. सहावारी साडी साधारण 216 इंच लांब आणि 45 इंच रुंद असते. तिचे 88 इंचांचे दोन तुकडे काढून लांब बाजूंनी शेजारी-शेजारी जोडले की एक थर होतो, वर साधारण 25 इंच रुंदीची पट्टी आणि 40 इंचांचा तुकडा उरतो. ते वरच्या ठिगळांना होतात. प्रत्येक थराचा जोड वेगळ्या जागी येऊ दे. सगळे जोड मधोमध आले की तिथे वरवंट्यासारखी कड तयार होते आणि ती झोपेत पाठीला लागते.

नागपूरच्या थंडीला वरचा आणि खालचा धरून पाच थर घालतात. तुझ्याकडे धारवाडला तीन पुरेत. तिथला पाऊस लांबतो, आणि जाड गोधडी आतून वाळली नाही की तिला कुबट वास धरतो.

पोट का येतं, ते नीट समजून घे. खालचा थर उलटा करून फरशीवर पसरायचा, चारी कोपरे चिकटपट्टीने फरशीला धरायचे आणि कापड ताठ असावं, ताणलेलं नको. ताणून चिकटवलंस तर सोडल्यावर ते आखडतं आणि वरचे थर फुगतात. त्यावर एकेक थर टाकायचा आणि तळहाताने मधून कडेकडे निपटत जायचं. मग कच्ची टाच, म्हणजे थर तात्पुरते धरून ठेवणारे लांब टाके. ही टाळायचा मोह होतो, पण टाळू नकोस. मधोमध एक उभी आणि एक आडवी ओळ आधी, मग दोन्हीकडे चार-चार बोटांवर जाळी. टाचेला पांढराच दोरा घे, गडद दोऱ्याचा रंग सुईच्या भोकांत राहतो. तुझ्या फोटोत टाच फक्त कडेने दिसते, त्यामुळे मधलं कापड मोकळं होतं. आपल्याकडची जुनी रीत कडेपासून चौकोनात फिरत आत यायची. त्यात प्रत्येक फेरीला थोडी ढील आत सरकते आणि शेवटी मधे साचते. म्हणून दर चार फेऱ्यांनी गोधडी पुन्हा फरशीवर पसर, निपट, ढील दिसेल तिथली टाच उसवून नव्याने घाल.

धावदोरा पाव इंचाचा, दोन ओळींत पाऊण इंच अंतर. या हिशेबाने 5 बाय 7 फुटांच्या गोधडीत ओळींची लांबी सुमारे 170 मीटर भरते. दोऱ्याची जाडीतली ये-जा आणि गाठींची टोकं धरून 250 मीटर सुती दोरा एकदमच घे, नाहीतर दुसऱ्या रिळाची छटा वेगळी निघते. एका वेळी सुईत हातभरच दोरा घाल. लांब दोरा प्रत्येक टाक्याला कापडातून घासत जातो आणि शेवटी त्याला लव सुटते. घालण्याआधी मेणावरून एकदा ओढ. हातसुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे दुकानात लक्षात ठेव. दाभणाने काम भराभर होतं, पण भोकं मोठी पडतात. अंगुस्तान मधल्या बोटात. गाठ वर दिसू देऊ नकोस, हलका झटका देऊन थरांच्या मधे ओढून घे.

नक्षी कुठून काढायची, हे तू विचारलंस. मी तर म्हणेन, हातातल्या कापडाकडेच बघ. आपल्या भागातल्या करवती काठाचीच गोष्ट घे. तिथे काठ आणि अंग वेगवेगळ्या धोट्यांनी (आडवा धागा नेणाऱ्या मागाच्या नळ्यांनी) विणून एकमेकांत अडकवतात, म्हणून सीमेवर करवतीचे दात उमटतात. ते दात गोधडीच्या दोन अरुंद बाजूंना सुंदर दिसतात. 3 इंचांचा चौकोन तिरपा दुमडायचा, पुन्हा एकदा दुमडायचा, की 3 इंच पायाचा आणि दीड इंच उंचीचा त्रिकोण होतो. प्रत्येक त्रिकोण आधीच्यावर अर्धा चढवला की एका बाजूला 39 लागतात, दोन्हीकडे मिळून 78. त्रिकोण इस्त्री करूनच लाव, हाताने दाबलेली घडी शिवताना सरकते.

तू धारवाडला आहेसच, तर हल्याळकडच्या सिद्दी समाजातल्या बायकांच्या कवंदी, म्हणजे त्यांच्या ठिगळांच्या गोधड्या, जवळून बघून ये. त्या ठिगळं आधी जोडून घेत नाहीत. एका कोपऱ्यापासून ठिगळ ठेवत, कडा दुमडत आणि लगेच धावदोरा घालत फिरतात. ढील आली तर पुढच्या ठिगळाच्या दुमडीत ती जिरते. तुझ्या पोटाच्या अडचणीवर याहून चांगला उपाय मला ठाऊक नाही. चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या तुकड्यांचं फूल लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. अमेरिकेत अलाबामाच्या जीज बेंड गावच्या बायकांच्या गोधड्याही इंटरनेटवर बघ. झिजलेल्या कामाच्या कपड्यांच्या मोठ्या पट्ट्या, कोन थोडे तिरके, आणि नजर हलत नाही. 2006 साली तिथल्या टपाल खात्याने त्यांवर तिकिटं काढली. त्यांच्यात पँटच्या गुडघ्याचा उडालेला रंग आणि खिशाखालचा न उडालेला चौकोन तसेच ठेवलेले दिसतात. बाबांचे जुने सुती शर्ट उसवशील तेव्हा खिशाखालचं ते गडद कापड टाकू नकोस.

कडेला गोट अडीच इंचांच्या सरळ पट्टीचा. घेर 288 इंच, कोपरे आणि जोड धरून 300 इंच पट्टी लागते. एका साडीचे दोन काठ मिळून 432 इंच होतात, म्हणजे एकीतच भागतं. कोपरे गोल करणार असशील तरच उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी घे.

आता हातातल्या गोधडीचं. ती उसवू नकोस. फाटल्या जागेवर जुन्याच सुती कापडाचं ठिगळ लाव, धड कापडावर चहूबाजूंनी दोन इंच चढेल एवढं, आणि या वेळी सुती दोरा. मधल्या भागातल्या चार-पाच ओळी तेवढ्या उसव, ढील एका सरळ चुणीत गोळा कर आणि चुणीवर लांबट ठिगळ बसव. ते मुद्दाम ठेवलेल्या पट्टीसारखं दिसेल.

धुताना पिळू नकोस, ओल्या गोधडीचं वजन टाक्यांवर येतं. बादलीत दाबून पाणी काढ आणि दोन दोऱ्यांवर आडवी पसरून सावलीत वाळव.

पार्सलमध्ये तीन जुन्या सुती साड्या, मेणाचा तुकडा आणि दोन सुया ठेवल्यात. साड्या अंगठ्याने तपासलेल्या आहेत. विरलेल्या जागांना खडूने फुली केलीय, तेवढं सोडून काप.

तुझी आई

ता.क. हिरव्या साडीचा रंग अजून थोडा जातो. ती वेगळी, आणखी दोनदा धू.