पाळणाघराच्या काकूंना, दारातून परत पाठवल्याबद्दल

काकू, सा. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानले की तुम्ही "अगं, फी घेते मी, फुकट नाही करत" म्हणता आणि कुकर लावायला आत निघून जाता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. नाशकात सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या बाजूला आमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत. नवरा फर्स्ट शिफ्टला, बायको जनरलला, आजी गावाकडे आणि पोर कुणाच्या तरी काकूंकडे. त्यांनीही वाचावं.

तुमचा तो नियम सगळ्यांना पाठ आहे. ताप उतरल्यावर २४ तास गेले पाहिजेत, आणि तेही तापाचं औषध न देता. सकाळी पॅरासिटामॉलचा डोस पाजून, टोपी घालून, हसत आणलेलं पोर तुम्ही दारातच ओळखता. मानेला हात लावता आणि विचारता, "किती वाजता दिलं औषध?" मग कुणी काही बोलत नाही. फ्लूचा विषाणू ताप यायच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्याला लागू शकतो आणि पुढे पाच-सात दिवस, लहान मुलांत त्याहून जास्तही, बाहेर पडत राहतो. औषधाने आकडा खाली येतो, विषाणू असतो तिथेच असतो. अकरा वाजता औषधाचा जोर ओसरला की तेच पोर बाकीच्यांत बसून शिंकतं, आणि दोन-तीन दिवसांत निम्मी खोली तापाने फणफणते.

हे सगळं पटत असूनही त्या नियमाचा मला राग यायचा आणि अजून येतो. तुमच्यावर नाही. माझी निदान पगारी रजा निघते. ठेकेदाराकडे लागलेल्या बायकांचा खाडा पडला की रोज बुडतो, आणि दुसऱ्या दिवशी सुपरवायझर विचारतो ते वेगळंच. मूल आजारी पडलं की घरी राहायचं कोणी, या प्रश्नाचं ओझं शेवटी सगळ्यात कमी कमावणाऱ्या बाईच्या डोक्यावर येतं. तुम्ही त्यावर भाषण केलं नाहीत. तुम्ही त्या दिवसांचे पैसे घेणं बंद केलंत, आणि सेकंड शिफ्टवाल्या आईची फर्स्ट शिफ्टवाल्या आईशी गाठ घालून दिलीत, म्हणजे आजारी मुलाजवळ आळीपाळीने कुणीतरी राहील. हे तुम्ही कधी बोलून दाखवत नाही. एकीने जिन्यात सांगितलं तेव्हा मला कळलं.

तुमची ती लाल कापडी बांधणीची वही २००९ पासूनची आहे म्हणे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात शाळेत जाणारी एक मुलगी स्वाइन फ्लूने गेली. देशातला तो पहिला मृत्यू. मग नाशकातही मेन रोडवर माणसं तोंडाला रुमाल बांधून फिरायला लागली. आता स्वाइन फ्लूचा तो विषाणू, एच१एन१, दरवर्षीच्या फ्लूमधलाच एक होऊन बसलाय, सोबतीला एच३एन२ आणि बी हे फ्लूचे प्रकार आहेतच. भीती ओसरली. तुम्ही वही मात्र सोडली नाहीत. कोण खोकतंय, कुणाचं जेवण कमी झालंय, कुणाच्या घरी कोण आजारी आहे, सगळं तारखेसकट. इतक्या वर्षांत तुम्हाला त्यातून दिसलं ते असं, की फ्लूच्या लाटा आपल्याकडे दोनदा येतात. एक पाऊस लागल्यावर, श्रावण-भाद्रपदाच्या आसपास, आणि दुसरी थंडीत, साधारण जानेवारी ते मार्च. सरकारी आकडेही हेच सांगतात, पण तुम्ही ते वहीतून काढलंत याचं मला जास्त कौतुक आहे.

म्हणूनच मे महिन्यातल्या त्या रविवारी तुम्ही आम्हा सगळ्यांना चहाला बोलावलंत आणि ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना समोर बसवलंत. पोहे छान होते, पण लक्षात राहिलं ते लसीचं. सहा महिने पूर्ण झाल्यावर देता येते, पाच वर्षांखालच्या मुलांना दरवर्षी द्यावी असा बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. अंगात ताकद यायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून पावसाआधी. विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून लसही दरवर्षी नव्याने ठरवतात आणि गेल्या वर्षीची यंदा पुरत नाही. सरकारच्या मोफत यादीत ती नाही, खिशातून घ्यावी लागते आणि स्वस्तही नाही. ज्यांना एकरकमी जमत नव्हतं त्यांच्यासाठी तुम्ही भिशीतून सोय केलीत.

पाच महिन्यांच्या बाळाची आई मागे बसून गप्प होती. तिच्या बाळाला लस देता येत नाही. तुम्ही तिला सांगितलंत की अंगावरचं दूध सोडू नको, आणि घरातल्या बाकी सगळ्यांनी टोचून घ्या, तिच्या सासऱ्यांसकट. सासरे आले. हे मला त्या सगळ्या मोसमातलं सगळ्यात मोठं यश वाटतं.

आता आमच्या धाकट्याचं. लस घेऊनही त्याला फ्लू झालाच. वाड्यातल्या बायका म्हणाल्या, काय उपयोग मग? लस फ्लू दरवेळी अडवत नाही, आजार बळावून दवाखान्यात ठेवायची वेळ येण्याची शक्यता कमी करते. एकट्या आमच्या पोराच्या बाबतीत तिने किती केलं हे कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही. यंदाही टोचणार आहोत.

तुमचा फोन दुपारी आला तेव्हा मी कारखान्यात लाइनवर काम करत होते. तुम्ही "ताप आहे, घेऊन जा" एवढंच म्हणाला असतात तर मी पाचपर्यंत ओढलं असतं. तुम्ही म्हणालात, "झोपलाय, पूर्ण मिनिट मोजलं, बावन्न भरले. पोट उडतंय. आत्ता ये." सुपरवायझरला हेच वाक्य जसंच्या तसं सांगितलं आणि निघाले. कारण नुसता आकडाच नव्हता, काय बघितलं आणि कसं मोजलं हेही होतं.

हे मोजणं तुम्ही आम्हाला नंतर शिकवलंत, ते इथे लिहून ठेवते. मूल शांत किंवा झोपलेलं असताना अंगावरचा सदरा वर करून पोटाकडे बघायचं आणि सेकंदकाट्यावर पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्धं मोजून दुप्पट करायचं नाही, कारण लहान मुलाचा श्वास सारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याला ५०, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त भरले तर दवाखाना. आकडा कसाही असो, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, ओठ निळसर दिसत असतील, मूल पाणी घेत नसेल, आठ तास शू झाली नसेल, झटका आला किंवा जागं करूनही नीट जागं होत नसेल तर थांबायचं नाही. आणि तुम्ही बोटावर मोजून शेवटी सांगता ते, जे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं: ताप उतरून मूल खेळायला लागलं आणि एक-दोन दिवसांनी ताप उलटला, खोकला वाढला, तर परत डॉक्टर. मागून न्यूमोनिया येतो तो असा.

दवाखान्यात रक्तातलं ऑक्सिजन ९३ टक्के निघालं. नेब्युलायझर दिलं, संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवलं, नाकातला स्वॅब घेतला. इन्फ्लुएंझा ए. त्याला बाळदम्याचा त्रास आहे, म्हणून डॉक्टरांनी ओसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध सुरू केलं. वजन १४ किलो, त्यामुळे ३० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त गुण देतं, आणि तुमच्या फोनमुळे आम्ही त्या वेळेत होतो. फ्लू झालेल्या प्रत्येक मुलाला ते लागत नाही, बरीचशी घरच्या घरी बरी होतात. अँटिबायोटिक दिलं नाही, कारण विषाणूवर त्याचा काही परिणाम नसतो. केमिस्टकडून "मागच्या वेळचंच" घेऊन येणाऱ्यांना तुम्ही का ओरडता ते तेव्हा नीट समजलं.

घरी आल्यावर तुमच्या हस्ताक्षरातला कागद फ्रिजवर लावला. पॅरासिटामॉल वजनावर: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. आणि खाली दोनदा अधोरेखित, "बाटली वाच". पाच मिलिलिटरमागे १२५ मिलिग्रॅमची आणि २५० ची बाटली शेजारी ठेवली तर सारखीच दिसते, झाकणही तसंच, मात्रा मात्र दुप्पट. ॲस्पिरिन मुलांना अजिबात नाही, फ्लूमध्ये त्यातून यकृत आणि मेंदूवर जाणारा आजार होऊ शकतो. खोकल्याची बाटली मनाने आणायची नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या विषारी औषधाने मुलं दगावल्याचं कळलं तेव्हा केंद्राच्या आरोग्य खात्याने दोन वर्षांखालच्या मुलांना ती औषधं देऊच नका असं कळवलं होतं, तुम्ही त्याच्या आधीपासून सांगताय. वर्षाच्या पुढच्या मुलाला चमचाभर मध चालतो, त्याआधी नाही.

माझ्या सासूबाईंशी तुम्ही ज्या नजाकतीने बोललात त्याचे वेगळे आभार. त्यांची ओव्याची पुरचुंडी तुम्ही मोडीत काढली नाहीत. "ओवा चालू दे हो, फक्त कापूर काढा त्यातला, पोराने तोंडात घातला तर झटके येतात," एवढंच. गरम पाण्याच्या पातेल्याची वाफ मात्र तुम्ही साफ बंद केलीत, भाजलेली मुलं पाहिली आहेत म्हणालात. मग सासूबाई मुगाच्या वरणाचं पाणी आणि भाताची पेज यांच्या मागे लागल्या, आणि धाकट्याच्या पोटात दर तासाला काहीतरी जायला लागलं. उपचारातलं निम्मं काम त्या पेजेने केलं असं डॉक्टरही म्हणाले. सासूबाई ते आता सगळ्यांना सांगतात.

बाकी तुमचं रोजचं चालूच असतं. बाहेर पाऊस कोसळत असतानाही समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या, प्रत्येकाचा नावाचा नॅपकिन, जेवायच्या आधी साबणाने हात, कोपरात खोकायचं. वाढदिवसाच्या केकवर फुंकर मारायची नाही, मेणबत्ती वेगळ्या वाटीत. त्यावरून एका पालकाशी तुमचं वाजलं होतं, तेव्हा मी तुमच्या बाजूने बोलले नव्हते. यापुढे बोलेन.

आणि आता एक तक्रार. त्या रविवारी तुम्ही सगळ्यांच्या नावापुढे खूण केलीत, वहीत तुमचं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं. साठी उलटलीय, शुगर आहे, आणि दिवसभर पंधरा नाकं पुसता. तुमच्यासारख्यांना फ्लू मुलांइतकाच जड जातो. मी तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. येत्या मेमध्ये शनिवारी, मुलं गेली की साडेसहाला स्कूटी घेऊन खाली येईन. कुकर आधीच लावून ठेवा.

तुमची,
धाकट्याची आई