घरातली रेंज आणि बेकायदा बूस्टरचा सल्ला : तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण विभाग (मोबाइल सेवा कंपनी)

विषय : इमारतीत मोबाइल सिग्नल नसणे व आपल्या प्रतिनिधीने बूस्टर (सिग्नल वाढवणारे उपकरण) घ्यायला सांगणे

महोदय,

कोथरूडमधल्या चार मजली सोसायटीत मी तळमजल्यावर राहते. दोन्ही बाजूंच्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास होऊन तिथे उंच इमारती उभ्या राहिल्या, तेव्हापासून घरात आपली रेंज येत नाही. बँकेचा ओटीपी गच्चीवर गेल्याशिवाय येत नाही आणि खाली येईपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. १९८ या तक्रार क्रमांकावर नोंदवलेली तक्रार ‘आपल्या भागात नेटवर्क सुरळीत आहे’ असा एसएमएस पाठवून बंद केली गेली. भागात असेलही, मी घरात राहते.

फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नलची ताकद आकड्यात दिसते. गच्चीवर उणे ८५ डीबीएम (सिग्नल मोजायचे एकक), स्वयंपाकघरात उणे ११८. हा आकडा दर १० ने खाली गेला की ताकद दहा पटींनी घटते, म्हणजे गच्चीवरच्या सिग्नलचा साधारण दोन हजारावा हिस्सा ओट्यापाशी पोहोचतो. आपल्या संकेतस्थळावरच्या नकाशात मात्र आमची गल्ली हिरवीगार आहे. दोन्ही आकड्यांचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

खरी तक्रार पुढे आहे. आपल्या दालनातल्या प्रतिनिधीने मला सांगितले, “मॅडम, कंपनीकडून काही होणार नाही. ऑनलाइन बूस्टर मिळतो, लावून टाका.” परवानाधारक सेवा कंपनीखेरीज कुणीही मोबाइल रिपीटर, म्हणजेच हा बूस्टर, बाळगणे, विकणे किंवा वापरणे बेकायदा आहे, असे दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. हे मला माहीत असावे आणि आपल्या माणसाला नसावे?

नियमामागचे कारणही पटण्यासारखे आहे. रिपीटर गच्चीवरच्या अँटेनाने टॉवरचा सिग्नल घेतो, वाढवतो आणि घरातल्या अँटेनातून सोडतो. फोनचा सिग्नल त्याच वाटेने परत जातो. दोन्ही अँटेना एकमेकांना ‘ऐकू’ लागले, की माइक स्पीकरसमोर धरल्यावर होते तशी शिट्टी सुरू होते. तो गोंगाट टॉवरपर्यंत जातो आणि आसपासच्या सगळ्यांचेच कॉल तुटतात. म्हणूनच हे काम मोजमाप करून, योग्य क्षमतेचे उपकरण निवडून कंपनीनेच करायचे असते. ते मी करू शकत नाही आणि आपण करत नाही, मग करायचे कुणी?

वायफाय कॉलिंगचा, म्हणजे घरच्या इंटरनेटवरून कॉल लावण्याचा, सल्लाही मिळाला. माझ्या फोनवर ते चालते. सासूबाईंचा फोन बटणांचा आहे, त्यात वायफायच नाही. शिवाय ब्रॉडबँडचे पैसे मी दुसऱ्या कंपनीला भरते. कॉल त्यांच्या जिवावर लावायचा आणि रिचार्ज तुमचा पुरा मारायचा, हा कुठला हिशेब?

तेव्हा अभियंता पाठवून घरात, जिन्यात आणि गच्चीवर सिग्नल मोजून घ्यावा. रिपीटर बसवायचा की लहान सेल (कंपनीचा छोटासा टॉवरच), हे तो ठरवेल. खर्च कंपनीने करावा. दालनांतून बूस्टरची शिफारस होणार नाही, असे लेखी कळवावे. तक्रार पुन्हा नुसत्या एसएमएसवर बंद झाल्यास मी आपल्या अपील प्राधिकरणाकडे जाईन.

गच्चीवर जागा आणि वीजजोड द्यायला सोसायटी तयार आहे, संमतिपत्र सोबत आहे. गच्चीची किल्ली सचिवांकडे असते आणि ते सकाळी दहानंतर घरी नसतात, तेवढे अभियंत्याला सांगून ठेवावे. येण्याआधी फोन करायचा असेल तर लँडलाइनवर करावा.

आपली,
एक ग्राहक